चौतीसपैकी तेहेतीस

‘तीन दिवस नाही आलेली ती,’ बाई म्हणाल्या आणि हजेरीचं पुस्तक त्यांनी मुलीच्या आईपुढे धरलं. ‘हे बघा ना. सोमवार, मंगळवार, आज बुधवार.’ अठरा नंबरच्या ओळीत निळ्या शाईच्या तीन फुल्या होत्या, नेटक्या, एका मापाच्या. मुलीची आई दवाखान्यात नर्स होती. पाळी अर्धवट टाकून, अंगावरच्या पांढऱ्या गणवेशातच ती धावत आली होती. सलग तीन दिवस मूल आलं नाही की घरी निरोप जातो, तसा शाळेच्या कारकुनाने आज धाडला होता. ‘अहो, पण मी स्वतः सोडते तिला,’ ती म्हणाली. ‘फाटकातून आत जाताना बघते, मग वळते. आज पण सोडलं. वेणीची रिबीन सुटली होती, ती बांधून दिली.’ तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बाईंच्याही पायाखालची वाळू सरकली. फाटकापासून वर्गापर्यंत जेमतेम चाळीस पावलं. एवढ्यात आठ वर्षांची पोर जाते कुठे? मुलांना विचारू या म्हणून दोघी जवळजवळ पळतच व्हरांड्यातून गेल्या, बाईंनी दार ढकललं, आणि त्या काही विचारणार तोच मागून आई ओरडली, ‘अगं बाई! ही काय, बसलीय की!’ खिडकीच्या बाजूला, दुसऱ्या बाकावर, रिबीन घट्ट बांधलेली अठरा नंबर बसली होती. समोर वही उघडी होती आणि त्या वहीवर त्याच सकाळी बाईंनी स्वतःच्या हाताने लाल शाईत ‘अक्षर सुधार’ असं लिहिलं होतं. मुलगी उठली नाही, रडली नाही. आईकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, ‘आई, मी दिसते का तुला?’

वर्गात कोणी हसलं नाही. फळ्याच्या कोपऱ्यात मॉनिटरच्या गोल गोल अक्षरात लिहिलं होतं: पट ३४, हजर ३३. काल तेच होतं, परवा तेच. बाईंनीच सांगितलं होतं, ‘तेहेतीस लिही गं.’ त्या आकड्याकडे बघता बघता बाईंनी टेबलाची कड धरली.

आता ही फुली पडली कशी, ते सांगायला हवं, नाहीतर बाई आंधळ्या होत्या की काय असं वाटेल. आंधळ्या नव्हत्या, हुशार होत्या, आणि तिथेच घोडं अडलं. बाकीच्या शिक्षिका एकेक नाव पुकारत बसायच्या, दहा दहा मिनिटं घालवायच्या. बाईंची हजेरी दीड मिनिटात उरकायची. मुलांनीच ओळीने आपापला नंबर म्हणायचा, एक, दोन, तीन, आगगाडीच्या डब्यांसारखं एकामागून एक, आणि बाईंनी मान खाली घालून गृहपाठाच्या वह्या तपासता तपासता पुस्तकात खुणा करायच्या. जिथे खंड पडेल तिथे फुली. बावीस वर्षांत चूक म्हणून नाही. मोठे सर नव्या शिक्षिकांना मुद्दाम बघायला पाठवायचे. आणि या बावीस वर्षांत बाईंच्या नकळत असं झालं होतं की फुली एका कप्प्यात आणि चेहरे दुसऱ्या कप्प्यात. वहीवर शेरा मारला तो चेहऱ्याला, फुली मारली ती नंबराला. ती दोन्ही एकाच पोरीची आहेत हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही. आता मात्र आवाज आठवत होते. सोमवारी ‘अठरा’ म्हटलं गेलं होतं, नक्की म्हटलं गेलं होतं, पण त्याच्यावर ‘एकोणीस’ खणखणीत येऊन बसलं. मंगळवारी सतरानंतर काहीतरी पुटपुटल्यासारखं आलं, पुन्हा त्यावर एकोणीस. आज सतरा आणि एकोणीस इतके चिकटून आले की मध्ये श्वासाएवढीही जागा नव्हती. कानांनी सगळं ऐकलं होतं. मेले कान!

आईने मुलीचं दप्तर उचललं. वर्गाबाहेर ती बाईंना म्हणाली, आवाज चढवला नाही, त्यापेक्षा चढवला असता तर बरं झालं असतं, ‘बाई, मी दिवसभर माणसांच्या जखमा धुते. मला दिसतं कुठलं वरवरचं आणि कुठलं आत गेलेलं. पुढच्या बुधवारपर्यंत बघते. ती इथे माणसात आली तर ठीक, नाहीतर दुसऱ्या शाळेत नाव घालते.’ आणि मुलीचा हात धरून ती फाटकाकडे चालू लागली. दोघींच्या पाठी लहान लहान होत गेल्या आणि बाईंच्या काळजात चर्र झालं, कारण अशी जाणारी पाठ त्यांनी बघितलेली होती. खरं म्हणजे बघितली नव्हती. बघायला थांबल्याच नव्हत्या, आणि न बघितलेलीच पाठ चाळीस वर्षं डोळ्यांपुढे होती.

बाईंच्या लहानपणच्या त्या मैत्रिणीचं खरं नाव कोणी घ्यायचं नाही, सगळे तिला भिंगरी म्हणायचे. एका जागी उभी राहिली तर शपथ. बोलताना स्वतःभोवती फिरायची, फिरता फिरता वाक्य पुरं करायची, समोरच्याला निम्मं ऐकू यायचं नाही. बाई तेव्हा आठ वर्षांच्या, गालांनी फुगलेल्या, आणि भिंगरी त्यांना ठमे म्हणायची. त्या नावाने पुढे कोणी हाक मारलेली नाही. दोघींनी एक खोडरबर ब्लेडने मधोमध कापून वाटून घेतलं होतं, कारण दोघींनी एकाच दिवशी आपापलं हरवलं होतं आणि घरी सांगायची सोय नव्हती. रोज सकाळी भिंगरी फाटकापाशी थांबायची, ठमी आली की दोघी मिळून आत. मग भिंगरीला मोठा ताप आला. महिन्याने ती आली तेव्हा तिचे केस मुळापासून कापलेले होते आणि कान एकदम मोठे दिसत होते. वर्गातल्या कोणीतरी, कोणी ते आजही आठवत नाही, म्हणालं की ही ती नव्हेच, ती अजून आलेलीच नाही. झालं. पोरांना तेवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी ठरवलं की भिंगरी नाहीच. ती बोलली की वारा आला म्हणायचं. ती बाकावर बसली की बाक रिकामा आहे म्हणून त्यावर दप्तर ठेवायचं. आणि फाटकापाशी ती नेहमीसारखी उभी होती, मोठे मोठे कान घेऊन, आणि ठमी आली, ठमीच्या मागे चार मुली होत्या, आणि ठमी थेट तिच्या तोंडाकडे बघून म्हणाली, ‘आज भिंगरी नाही आली वाटतं.’ भिंगरी आधी हसली. तिला वाटलं, ठमी आपल्याशीच गंमत करतेय. मग तिने बाही धरली. ‘ए ठमे, मी आहे ना. बघ ना गं.’ ती बाही ठमीने सोडवून घेतली. फार जोर लागला नाही. पुढे आठ-दहा दिवस गेले, सुट्टी लागली, सुट्टीनंतर भिंगरी कुठल्या कुठे गेली ते कळलंच नाही. त्यांच्या खोलीत दुसरे भाडेकरू आले होते. अर्धं खोडरबर बाईंकडे अजून आहे. दगडासारखं झालंय, आता त्याने काही खोडलं जात नाही.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी हे त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं. तो घड्याळं दुरुस्त करणारा, डोळ्याला भिंग लावून बसणारा, फार न बोलणारा माणूस. बाजारात एखादी बाई भराभर चालताना, बोलता बोलता गर्रकन वळताना दिसली की बाई पिशवी त्याच्या हातात कोंबून मागे जायच्या, चार दुकानं, सहा दुकानं, आणि तोंड पाडून परत यायच्या. ‘सापडली का?’ तो विचारायचा. ‘नाही हो. हिचं नाक वेगळंच होतं.’ ‘चाळीस वर्षांत नाक बदलतं,’ तो म्हणायचा. थट्टा करायचा, पण पिशवी धरून थांबायचा. बाईंना कधी कधी वाटायचं, भेटलीच तर बोलायचं काय? माफी माग म्हणून कोणी सांगितलं तर त्यांनी लगेच मागितली असती, तोंडपाठ होती. पण त्यांना माफी नको होती. त्यांना त्या सकाळच्या फाटकाशी पुन्हा जायचं होतं, आणि बाही धरलेली असताना तिथेच उभं राहायचं होतं. एवढी एकच इच्छा. ती कोणत्या वयात फिटणार होती?

त्या बुधवारी दुपारी मोठ्या सरांनी एक छापील कागद पुढे केला. सर मनाने चांगले, पण त्यांचा कागदावर फार विश्वास. ‘असे प्रकार झाले की हा भरायचा,’ ते म्हणाले. ‘मग त्रास देणाऱ्याला समज द्यायची, वर्गासमोर माफी मागायला लावायची, पालकांची सही घ्यायची. मिटलं.’ कागदावर विचारलं होतं, प्रकार शारीरिक, शाब्दिक की इतर. बाईंनी ‘इतर’वर खूण केली. कोणी मारलं नव्हतं, कोणी शिवी दिली नव्हती. एवढ्या सगळ्यात पोरीच्या अंगाला कोणाचं बोटही लागलं नव्हतं. पुढे होतं, त्रास देणाऱ्याचं नाव. तिथे बाई अडल्या. ‘थांबा सर,’ त्या म्हणाल्या, ‘आधी मॉनिटरशी बोलते.’

मॉनिटर म्हणजेच एकोणीस नंबर. चुणचुणीत, टापटिपीची, बाईंची लाडकी. बाईंनी ते कधी लपवलंही नव्हतं. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात ती बाईंसमोर उभी राहिली आणि तिने काही लपवालपवी केली नाही. ‘खेळ मीच काढला, बाई.’ ‘का गं?’ ‘शनिवारी रिलेच्या शर्यतीत ती पडली ना, काठी हातातून सुटली, आपला वर्ग हरला. सगळे तिला ओरडायला लागले. ती रडत होती. मग मी म्हटलं, ओरडू नका रे, ती पळालीच नाही असं धरू. ती नव्हतीच असं धरू.’ बाई ऐकत राहिल्या. अहो, मुळात ती माया होती! त्या पोरीने मायेपोटीच तिला पुसून टाकलं होतं. ‘मग सोमवारी?’ ‘सोमवारी कोणीतरी म्हणालं, अजून नाहीये असंच धरू. एक दिवस. मी तिच्यावर जोरात नंबर म्हटला. मला वाटलं, तुम्ही वर बघाल आणि ओरडाल.’ मॉनिटरने फळ्याच्या कोपऱ्याकडे बघितलं. ‘पण तुम्ही तेहेतीस म्हणालात. मग आम्हाला वाटलं, बाईपण खेळतायत.’ बाईंनी हातातला कागद टेबलावर पालथा ठेवला. ‘तिलापण तसंच वाटलं,’ मॉनिटर म्हणाली आणि मग मात्र धाय मोकलून रडली. बाईंनी तिला जवळ घेतलं, आणि कोण कोणाला धरून उभं आहे ते त्यांना कळेना. खिडकीबाहेर शिपाई झाडांना पाणी घालत होता, पाइपातून हवा आणि पाणी आळीपाळीने येत होतं, फुर्र फुर्र असा आवाज होत होता, आणि बाईंना वाटत होतं की आपण हा आवाज उगाचच इतक्या मन लावून ऐकतो आहोत. कागदावर त्रास देणाऱ्याच्या नावापुढे त्यांनी ‘वर्गशिक्षिका’ असं लिहिलं. ‘बाई, थट्टा करताय का माझी?’ मोठे सर म्हणाले. ‘नाही हो सर. यापेक्षा खरं मला भरता येत नाही.’ सरांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला, आणि तो वर न पाठवता खणात ठेवला.

गुरुवारी मुलगी आली. आईने फाटकात सोडलं आणि बाई आज फाटकापाशीच उभ्या होत्या. वर्गात त्यांनी हजेरीचं पुस्तक उघडलं, तिन्ही फुल्यांवर आडवी रेघ ओढली, शेजारी सही केली, आणि पुस्तक मुलांना दाखवलं. ‘ही माझी चूक,’ त्या म्हणाल्या. ‘ती वर्गात होती आणि मी मान वर केली नाही. मी खेळत नव्हते. पण मी खेळले असते तरी इतकंच वाईट झालं असतं. हा खेळ आज बंद. आजपासून सतरानंतर अठरा, आणि अठराशिवाय एकोणीस नाही. तास गेला तरी चालेल.’ बोलताना त्यांना बरं वाटलं, आणि तिथेच पुन्हा चूक झाली. कारण सतरा म्हणून झालं, आणि तेहेतीस मुलं वळून बघायला लागली, आणि अठराचे कान लाल झाले, आणि तिने मान इतकी खाली घातली की रिबीनच काय ती दिसत होती. तीन दिवस कोणी बघितलं नाही, आता सगळे बघतायत. यातलं अधिक वाईट कुठलं? बाई उठल्या, तिच्या बाकाशी गेल्या, खाली बसल्या, आणि तिला एकटीला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, ‘मला दिसतेयस तू. बोलली नाहीस तरी चालेल.’ आणि परत येऊन पुस्तकात हजेरी मांडली.

शुक्रवारी तसंच. शनिवारी तसंच. मधल्या सुट्टीतला शिक्षकखोलीतला चहा बाईंनी सोडला आणि मैदानाच्या कडेने नुसत्या फिरत राहिल्या, डोळ्यांत तेल घालून. मुलं वाईट वागत नव्हती, उलट फारच चांगली वागत होती, आणि ते बघवत नव्हतं. एकजण डबा पुढे करायचा आणि तिरक्या नजरेने बाईंकडे बघायचा, बघितलं का माझं? एकीने आपली नवी पेन्सिल देऊ केली, मोठ्याने, बाईंना ऐकू जाईल अशी. अठरा नंबर काहीच घ्यायची नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहायची, घंटा झाली की सगळ्यात शेवटी आत. हुकमाने आलेली माया पोरांना बरोबर कळते. बाईंना मैदानावरून चालताना वाटायचं, आपण चाळीस वर्षं भिंगरीला शोधतोय म्हणतो, पण ती तर रोज अशी भिंतीला पाठ लावून उभी असते, दर वर्षी, दर वर्गात कोणी ना कोणी, आणि आपण बाजारात नाकं तपासत हिंडतो. बावीस वर्षांत अशा किती? मान खाली घालून किती जणींवरून आपण नंबर पुढे नेला असेल? त्या मोजायला बसल्या आणि मग त्यांनी मोजणं सोडून दिलं. घरी नवऱ्याने विचारलं, ‘जेवत का नाहीस?’ ‘बुधवारी ती जाणार हो,’ बाई म्हणाल्या, ‘ही पण जाणार,’ आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर भडभडून रडल्या. त्याने डोळ्याचं भिंग काढून ठेवलं आणि शेजारी येऊन बसला.

सोमवारी मॉनिटर तिच्याकडे गेलीच नाही. मंगळवारीही नाही. जागेवरून नुसती बघायची, नजर मिळाली की वळायची. बाईंना तिचा थोडा रागही आला. घडवून ठेवलंस आणि आता गप्प? मग त्यांना कळलं की बाईंना दाखवण्यासाठी काही करत नाही अशी ती एकटीच आहे. मंगळवारी संध्याकाळी फाटकात नर्सने फक्त एवढं म्हटलं, ‘उद्या बुधवार, बाई.’ बाईंनी मान हलवली. ‘रात्री झोपेत नंबर म्हणते ती,’ नर्स म्हणाली. ‘दुसऱ्यांचे म्हणते. सतरापर्यंत जाते आणि थांबते.’ आणि तिने मुलीची रिबीन, सुटली नव्हती तरी, पुन्हा एकदा बांधली.

बुधवारी खिडकीतून ऊन थेट टेबलावर आलं होतं. बाईंनी पुस्तक उघडलं, पेन हातात घेतलं, मान वर ठेवली. एक. दोन. तीन. आवाज बाकाबाकातून पुढे येत होते, कोणी सर्दीचा, कोणी अर्धवट झोपेतला. पंधरा. सोळा. सतरा. मग ती जागा आली. इतक्या दिवसांत वर्गाला त्या जागेची सवय झाली होती. कोणी वळलं नाही, कोणी खोकलं नाही. बाई उठायला निघाल्या, नेहमीसारखं तिच्याजवळ जाऊन म्हणायला. तेवढ्यात पुढच्या बाकावरची मॉनिटर वळली. कोपर मागच्या बाकावर टेकवलं. बाईंकडे तिने बघितलंच नाही. बाई वर्गात आहेत हेही ती विसरली असावी. चेहरा कसनुसा झाला होता, रात्रभर पाठ केलेलं ऐनवेळी आठवू नये तसा. ‘ए,’ ती म्हणाली, अगदी हळू, ‘तू आहेस ना?’

अठराने तिच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. खेळ आहे का, नवा आहे का, कोणी मागून हसतंय का, सगळं बघून घेतलं. मॉनिटरने नजर काढली नाही. तिचे डोळे भरून आले तरी काढली नाही.

‘आहे,’ ती म्हणाली. मग घसा साफ केला. ‘अठरा.’

आणि पुढे कोणी बोलेना. मॉनिटर तशीच वळून बसलेली. ‘अगं, तू!’ अठराच म्हणाली, ‘तुझा नंबर!’ ‘अरे हो, एकोणीस!’ मॉनिटर दचकून ओरडली आणि अख्खा वर्ग खो खो हसला, आणि त्या हसण्यात एक हसू बाईंनी आठवडाभर ऐकलं नव्हतं. वीस, एकवीस, बावीस, आवाज धडाधड पुढे पळाले. बाईंचं पेन पुस्तकावर टेकून राहिलं होतं, शाईचा ठिपका मोठा होत होता. एवढंच होतं तर. एवढंच विचारायचं होतं. फाटकापाशी बाही धरून ती म्हणत होती, मी आहे ना, आणि त्यावर नुसतं आहेस म्हणायचं होतं. त्याला ना धीर लागत होता, ना अक्कल. आठ वर्षांच्या मुलीला जमतं ते. मला का नाही गं जमलं, भिंगरे? चौतीस नंबर म्हणून झाला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण रडतो आहोत, आणि मुलं बघतायत, आणि बघितलं तर बघू दे.

मॉनिटर फळ्यापाशी जाऊन खडू घेऊन उभी राहिली. ‘बाई, किती लिहू?’

बाईंनी पुस्तक मिटलं आणि एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवत मोजायला सुरुवात केली, खिडकीपासून दारापर्यंत, मग दारापासून खिडकीपर्यंत. ‘चौतीस,’ त्या म्हणाल्या. ‘सगळे आहेत. लिही.’ तिने गोल अक्षरात लिहिलं. बाईंनी पुन्हा एकदा मोजलं. चौतीस बरोबर भरत होते, आणि तरी त्यांना एक कमी वाटत राहिली.